चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

पीसी अपग्रेड करताना प्रोसेसर नवा, रॅम नवी, ग्राफिक्स कार्ड नवं आणि एसएमपीएस मात्र जुनाच. पैसे वाचवायचा हा फंडा आपण सगळेच वापरतो. मीही वापरला. त्याची ही घरगुती गोष्ट.

आमच्या पीसीच्या एसएमपीएसवर काळ्या मार्करने एक तारीख लिहिलेली होती. १४-७-१३. अक्षर बाबांचं. ही त्यांची जुनी सवय. इन्व्हर्टरची बॅटरी असो, गॅसची नळी असो, नाहीतर भिंतीवरच्या घड्याळातला सेल, नवीन वस्तू बसवली की तिच्यावर तारीख पडलीच पाहिजे. डोंबिवली पूर्वेला बाबांचं मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. सत्तावीस वर्षं चाललं. त्यामुळे वस्तू कधी घेतली, किती चालली, का बंद पडली याचा हिशोब आमच्या घरात दुधाच्या हिशोबाइतकाच काटेकोर.

एसएमपीएस म्हणजे नक्की काय हे ज्यांना ठाऊक नाही (लाजू नका, माझ्या ऑफिसात निम्म्यांना ठाऊक नाही), त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण पीसीच्या मागे पॉवर केबल जिथे खोचतो ना, तो लोखंडी डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक मंडळींना झेपेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करून वाटायची, हे त्याचं काम. पीसीचं कौतुक करताना आपण प्रोसेसर सांगतो, रॅम सांगतो, कार्डचं नाव तर छाती फुगवून सांगतो. एसएमपीएस कुठला, हे कधी कुणी कुणाला विचारलंय?

आमच्याकडे मात्र तो घरातला मानाचा गणपती होता. पाहुणे आले की बाबा कॅबिनेटवर हात ठेवून सांगायचे, "बारा वर्षं झाली, हात लावलेला नाही."

लॅमिंग्टन रोड, २०१३

मी तेव्हा एसवायबीएमएमला होते. एडिटिंगचं खूळ डोक्यात होतं आणि त्यासाठी स्वतःचा पीसी हवा होता. शनिवारी सकाळी बाबा आणि मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. माझ्या हातात यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं ग्राफिक्स कार्ड. यादीत एसएमपीएस नव्हताच. कारण दुकानदाराने फोनवरच सांगितलं होतं, कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट.

बाबांनी तो फुकटचा डबा हातात घेतला. भाजीवालीकडे कोबीचा गड्डा तोलावा तसा वरखाली केला आणि म्हणाले, "हा रिकामा आहे."

दुकानदार हसला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून स्टिकर वाचायला घेतला. "बारा व्होल्टला पंधरा अँपिअर. म्हणजे एकशेऐंशी वॅट. बाकीचे कुठे गेले?"

आज मला कळतं की त्यांनी त्या एका वाक्यात अख्खा विषय संपवला होता. सध्याच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खरे खाणारे, १२ व्होल्टवरच जेवतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघायचं आणि १२ ने गुणायचं. जे उत्तर येईल ती खरी ताकद. ५ आणि ३.३ व्होल्टची बेरीज करून फुगवलेला आकडा फक्त खोक्यावर छान दिसतो.

मग बाबांनी दुसरा एसएमपीएस निवडला. ५०० वॅटचा, १२ व्होल्टला ३८ अँपिअर. गुणाकार केला, ४५६. बाबा खूश. किंमत चार हजारांच्या आसपास. माझं ग्राफिक्स कार्ड त्यात गेलं.

मी जाम चिडले. लोकलमध्ये दादरपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. दादरला गाडी बदलताना गर्दीत ते मागे वळून एवढंच म्हणाले, "घरात आधी मीटर आणि अर्थिंग बघतात गं. झुंबर नंतर."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघांनी पीसी जोडला. केबल बाबांनी बांधल्या. मोटर रिवाइंडिंगच्या दोऱ्याने, एकसारख्या अंतरावर गाठी मारून. मग मार्कर आणि तारीख.

तो पीसी सॉलिड चालला. माझे कॉलेजचे प्रोजेक्ट, धाकट्या भावाचे गेम्स, २०१६ च्या शेवटी अखेर आलेलं एक छोटंसं ग्राफिक्स कार्ड, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं वर्क फ्रॉम होम आणि आईची झूमवरची भजनं, सगळं त्याने ओढलं. २०२२ मध्ये बाबांनी दुकान बंद केलं. हात थरथरायला लागले होते आणि डोळ्यात मोतीबिंदू. दुकान गेलं, पण पीसी सुरू होताना येणारी पंख्याची घरघर ऐकून ते अजूनही म्हणायचे, "ऐक, आवाजात फरक नाही."

बजेटची गंमत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला माझा २०१२-१३ च्या पिढीतला प्रोसेसर चालत नव्हता. दिवसा मी ऐरोलीत ट्रेनिंग व्हिडिओ बनवणाऱ्या टीममध्ये काम करते आणि रात्री घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून चार पैसे जास्तीचे कमावते. म्हणजे पीसी ही माझी हौस राहिलेली नाही, होम लोनच्या हप्त्याचा एक तुकडा त्यातून जातो. दिवाळीचा बोनस आला आणि ठरवलं, आता अपग्रेड.

साठ हजारांचं बजेट केलं. त्यानंतर रॅमचे भाव असे काही चढले की एक्सेल शीट उघडायची भीती वाटायला लागली. प्रोसेसर स्वस्तातला धरला, इंटेलचा १२ व्या पिढीतला आय५. ग्राफिक्स कार्ड ऑफिसातल्या एका मित्राचं वापरलेलं, आरटीएक्स ४०६०. कॅबिनेट तेच. हार्ड डिस्क तीच. तरी साडेचार हजार वर जात होते. आणि शीटमध्ये बरोब्बर साडेचार हजारांची एकच ओळ होती. एसएमपीएस.

मित्राला विचारलं. तो म्हणाला, "पाचशे वॅटचा आहे ना? बास की. चालतंय ना, मग कशाला बदलायचं?"

मीही हिशोब मांडला. प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट. कार्ड ११५. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक. बेरीज २८० च्या आसपास. कार्ड बनवणारे ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणतात, पण ते सगळ्यात वाईट परिस्थिती धरून सांगतात, असं मी स्वतःलाच समजावलं. कार्डाला लागणारा आठ पिनांचा कनेक्टरही जुन्या एसएमपीएसवर होता. सगळं बसत होतं. ओळ डिलीट केली. शिवाय बाबांचा मानाचा गणपती जागेवर राहणार, याचाही आनंद झाला.

वन रूम किचनमध्ये पहिल्यांदा बंगल्यातला एसी लावावा तसं वाटत होतं. दोन आठवडे मजेत गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी, रात्री साडेअकरा वाजता, नगरच्या एका लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होत होता. सकाळी नऊला द्यायचा होता. ७१ टक्क्यांवर टक् असा आवाज आला आणि स्क्रीन काळी. पीसी बंद. परत सुरू केला, परत एक्स्पोर्ट, परत काळोख. या वेळी ४० टक्क्यांवर. ब्राउझर उघडून बसलं की काही नाही, मेल, यूट्यूब, सगळं मख्खन. एक्स्पोर्ट लावला की राम. त्या रात्री मी तो व्हिडिओ पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून बाहेर काढला. पहाटे चारला झोपले आणि सकाळी ऑफिसची बस चुकवली.

आधी रॅमवर संशय घेतला, मग मित्राच्या कार्डावर. त्याच्याशी थोडं वाजलंसुद्धा. शेवटी तोच बिचारा शनिवारी स्वतःचा एक जास्तीचा एसएमपीएस घेऊन आला. कॅबिनेटच्या बाहेर ठेवून, त्याच्याच केबल लावून चालवला. दोन तास सलग एक्स्पोर्ट. एकदाही बंद नाही.

मी जुन्या डब्यावरच्या तारखेकडे बघत राहिले.

कंडेन्सर म्हातारा होतो

खरं तर तो डबा मला वर्षभर सांगत होता. मीच ऐकत नव्हते. आमच्याकडे लाइट फडफडले की यूपीएस असूनही पीसी रीस्टार्ट व्हायचा. बाबा म्हणाले, यूपीएसची बॅटरी गेली असेल. बॅटरी बदलली. तारीखही टाकली. तरी रीस्टार्ट.

यातली मेख अशी. एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, त्यात थोडी वीज साठलेली असते. लाइट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ हा साठा गाडी ढकलून नेतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरायला हवा. पण या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो. दहा अंश जास्त गरम, तर आयुष्य जवळपास निम्मं, असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे. डोंबिवलीचा मे महिना, भिंतीला चिकटवलेला पीसी आणि बारा वर्षांची धूळ, बाकीचं तुम्हीच समजून घ्या. साठा कमी झाला, तग कमी झाला. शिवाय हेच कपॅसिटर बाहेर जाणारी वीज गुळगुळीत ठेवतात. ते थकले की अचानक मोठी मागणी आल्यावर व्होल्टेज डगमगतं.

आणि आजची ग्राफिक्स कार्ड मागणी करतात ती अशीच, अचानक. सरासरी ११५ वॅट असली तरी क्षणभरासाठी उडी त्याच्या बरीच वर जाते. म्हणून तर २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात अशा क्षणिक उड्या झेलण्याचे वेगळे नियम घातले गेले. माझा डबा २०१३ चा. त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आम्ही म्हणत होतो, बारा वर्षं झाली, अजून ठणठणीत. पण त्या बारा वर्षांत त्याच्यावर लोड किती होता? जुना प्रोसेसर ७७ वॅटचा. नंतरचं छोटं कार्ड ७५ चं. म्हणजे सगळं मिळून दोनशेच्या आतच. बारा वर्षं तो टिकला, कारण आम्ही त्याला कधी पळवलंच नव्हतं. आणि ऐन म्हातारपणी आम्ही त्याच्या पाठीवर जवळपास दीडपट ओझं टाकलं, कशाच्या भरवशावर, तर आजवर कधी तक्रार केली नाही म्हणून.

असं नाही हं की जुना एसएमपीएस दिसला की फेकून द्या. माझ्या भावाने २०२१ मध्ये ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस घेतलाय, दहा वर्षांच्या वॉरंटीचा. त्याने उद्या पीसी बदलला तर एसएमपीएसला हात लावायची गरज नाही. बघायचं एवढंच की वॉरंटी शिल्लक आहे का, १२ व्होल्टला पुरेसे अँपिअर आहेत का, नव्या कार्डाला लागणारे कनेक्टर त्याच्यावर मुळातच आहेत का आणि नवा लोड जुन्यापेक्षा किती जास्त आहे. माझ्या डब्याची वॉरंटी २०१६ मध्येच संपली होती. मी फक्त कनेक्टर बघितले.

खाटेखालचा खोका

नवा ५५० वॅटचा एसएमपीएस मी घेतला. बाबांना सांगितलं नाही.

हसू नका. कंडेन्सर म्हातारा होतो, हे वाक्य मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पंखा हळू फिरतोय म्हणून कुणी दुकानात आलं की ते मोटर न उघडताच अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर काढून द्यायचे. त्यांना न कळण्यासारखं यात काहीच नव्हतं. पण दुकान बंद झाल्यापासून त्यांचं असं काय उरलं होतं, जे अजून चालू होतं? तो एक डबा. तो आता लोड घेत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी खोका खाटेखाली ढकलला. रविवारी ते आईबरोबर देवळात गेले की गुपचूप बदलायचा आणि कॅबिनेटचं झाकण लावून टाकायचं, असा माझा मास्टर प्लॅन होता.

१४ डिसेंबरचा रविवार. मी कॅबिनेट आडवं करून बसले होते. एका बाजूला जुना एसएमपीएस, दुसऱ्या बाजूला नवा. आणि बाबा दारात. देवळात गर्दी होती म्हणून ते लवकर परतले होते.

"हे काय?"

"नवा एसएमपीएस."

"जुना गेला?"

"गेला असं नाही बाबा. लोडवर बंद पडतो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. आणि ते लाइट फडफडल्यावर रीस्टार्ट व्हायचं ना... तेही याच्यामुळेच."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षभर समोर होतं. मी बॅटरी बदलायला सांगत बसलो."

मला काय बोलावं कळेना. म्हणून मी मुद्दाम उत्साहाने म्हटलं, "पण केबल मी जुन्याच ठेवतेय हं. तुम्ही बांधल्यात तशाच. नव्या एसएमपीएसला यांचं टोक बसतंय बघा, लावूनसुद्धा बघितलं."

यात थोडा आळसही होता, खोटं कशाला बोलू. दोन्ही एसएमपीएसच्या डिस्ककडे जाणाऱ्या केबल सुट्या होत्या, डब्यापाशी खोचायच्या. जुनी केबल नव्या डब्यात टक्कन बसली होती. कॅबिनेटच्या मागून परत वायरिंग करायची कटकट वाचत होती.

बाबा म्हणाले, "मीटर आण."

"कशाला? बसतंय तर."

"बसतंय म्हणजे जुळतंय असं नाही. डिस्क लावू नकोस. मीटर आण आधी."

दुकानातला पिवळा मल्टिमीटर त्यांच्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. डायलवरचे आकडे पुसट झालेले. नव्या एसएमपीएसला ती जुनी एकच केबल लावली. मदरबोर्ड नसताना एसएमपीएस कसा सुरू करतात, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही आणि मीही इथे सांगत नाही. ज्यांना येतं त्यांनीच ते करावं. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून प्रोब मी धरला. आकडे त्यांना दिसेनात, म्हणून वाचलेही मीच. कुठे टेकवायचं ते फक्त त्यांनी सांगितलं.

डिस्कच्या या केबलला पाच तारा असतात. एका कडेला ३.३, मधल्या तारेत ५ आणि दुसऱ्या कडेला १२ व्होल्ट. यांच्या मधल्या दोन म्हणजे अर्थ.

"मधली बघ."

"बारा पॉइंट शून्य आठ."

"परत बघ."

"बारा पॉइंट शून्य आठ, बाबा."

त्यांनी हात पुढे करून भिंतीवरचा स्विच बंद केला.

डिस्ककडच्या टोकाला कुठली तार कुठे, हे सगळीकडे ठरलेलं असतं. पण डब्याकडच्या टोकाला तसं नसतं. तिथे प्रत्येक कंपनी, कधीकधी एकाच कंपनीची दोन मॉडेल्सही, आपापल्या मर्जीने पिना लावतात. सॉकेट सारखा दिसतो, केबल बसतेही, आणि जिथे पाच व्होल्ट जायला हवेत तिथे बारा जातात. डिस्कचं सर्किट तिथल्या तिथे जळू शकतं. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या सुट्या केबलही बदलायच्या. जुनी एकही ठेवायची नाही, कितीही छान बांधलेली असली तरी.

आता त्या डिस्कवर काय होतं ते सांगते. माझं कॉलेजपासूनचं सगळं काम. आजीचा आवाज. आणि २०२२ मध्ये दुकानाच्या शेवटच्या दिवशी मी केलेलं शूटिंग. शटर खाली ओढायच्या आधी बाबा काउंटर पुसतायत, भिंतीवरचा गणपती उतरवतायत, जुनी गिऱ्हाइकं येऊन हात मिळवून जातायत. तीन वर्षं मी ते एडिट केलं नव्हतं. हिंमत झाली नव्हती. त्याची दुसरी कॉपी कुठेही नव्हती. दिवसभर लोकांना बॅकअपचं महत्त्व शिकवणारे व्हिडिओ बनवणारी मी, माझ्याकडे दुसरी कॉपी नव्हती.

मी जमिनीवरच बसून राहिले. बाबांनी कात्री मागितली आणि त्या दोऱ्याच्या गाठी एकेक करून स्वतःच कापल्या.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"अगं, मी चांगला घे म्हटलं होतं. कायमचा घे कुठे म्हटलं होतं?" मग जुना डबा हातात घेऊन म्हणाले, "बारा वर्षं पुष्कळ झाली की. नोकरी पूर्ण केली त्याने."

मी सहज विचारलं, उघडून कंडेन्सर बदलता येणार नाहीत का? आयुष्यभर वस्तू दुरुस्त केलेला माणूस, पण त्यांनी चटकन मान हलवली. आत तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले राहतात, प्लग काढल्यावरही. आणि नवे कंडेन्सर घातले तरी बाकी सगळं बारा वर्षांचंच. "मिक्सरचं वेगळं. मिक्सर बंद पडला तर चटणी पाट्यावर वाटता येते. हा बिघडला तर स्वतः जाईलच, आणि बरोबर दुसऱ्यांनाही नेईल." कुणाला फुकट द्यायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. तो आता माळ्यावर नाही, भंगारवाल्याकडेही नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला.

नव्या केबल त्यांनी सांगितल्या तशा मी बांधल्या. मग त्यांनी यूपीएसचा हिशोब काढला. आमचा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. पीसी आत २८० वॅट खात असेल तर भिंतीतून तो सव्वातीनशेच्या पुढे ओढणार, कारण एसएमपीएसमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते. त्यात मॉनिटर. "काठावर आहे. पुढच्या बोनसला बघ," म्हणाले. माझ्या एक्सेलमध्ये एक ओळ वाढली.

संध्याकाळी आधी डिस्कची कॉपी काढली, एक नाही, दोन. मग दुकानाचं ते शूटिंग उघडलं. चार दिवस रोज रात्री थोडं थोडं एडिट केलं. गुरुवारी एक्स्पोर्ट लावला तेव्हा बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. स्क्रीनकडे बघत नव्हते, पंख्याचा आवाज ऐकत होते. १०० टक्के झाल्यावर म्हणाले, "याचा आवाजच येत नाही गं. चालू आहे हे कळायचं कसं?"

झाकण लावायच्या आधी त्यांनी मार्कर मागितला होता, ते सांगायचं राहिलं. नव्या डब्यावर त्यांनी तारीख टाकली. १४-१२-२५. मग मला विचारलं, वॉरंटी किती? पाच वर्षं, मी म्हटलं. त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली. आजवर आमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूवर ही दुसरी ओळ नव्हती.

"२०३० ला बघणे."

अक्षर जरा हललंय. पण वाचता येतं.